साथ ओसरली, आता फोनवरची देवघेव बंद करायची का?

तळमजला:

नमस्कार मंडळी. एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. पूर्णवेळ मी एकटीच, जोडीला एक अर्धवेळ सहकारी आणि वर कार्यकारिणी. करोनाच्या काळात दारं बंद झाली तेव्हा सुचेल ते केलं. सभासदांना फोन लावून मागण्या घेतल्या, गठ्ठे बांधून खिडकीतून दिले, ज्यांना येणं जमत नव्हतं त्यांच्या दारात नेऊन ठेवले. मुलांसाठी गोष्टी वाचून व्हिडिओ टाकले, विलंबाचा दंड माफ केला, ई-पुस्तकांची वर्गणी घेतली. परत आलेली पुस्तकं मागच्या खोलीत वेगळी ठेवायला लागलो.

यातलं बरंचसं आजही चालू आहे. कुणी ठरवून चालू ठेवलंय असं नाही, बंद करा असं कुणी म्हटलं नाही एवढंच. आता कार्यकारिणीने विषय घेतलाय : साथ संपून किती काळ लोटला, सगळं पूर्ववत करा. फोन आणि घरपोच देवघेवीत सहकाऱ्याचा बराच वेळ जातो आणि त्या मानाने पुस्तकं थोडी जातात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. ई-पुस्तकांच्या नूतनीकरणाची रक्कम दर वेळी डोळ्यांवर येते. दंड पुन्हा लावला तर शिस्त येईल असंही एकदोघांना वाटतं. गंमत अशी की 'पूर्ववत करा' म्हणणाऱ्यांतलेच एक सदस्य परत आलेली पुस्तकं तीन दिवस बाजूला ठेवण्याबद्दल मात्र ठाम आहेत.

पुढच्या बैठकीत मला टिपण मांडायचंय. तुमच्याकडे काय टिकलं, काय सोडलंत, आणि कशाच्या जोरावर?

निवृत्त काउंटर:

ताई, माझी सगळी नोकरी देवघेवीच्या काउंटरवर गेली. साथ आली तेव्हा निवृत्तीला टेकलो होतो. त्यामुळे थोडं फटकळ लिहीन, ते चालवून घ्या.

आधी सोपं घेतो, तीन दिवसांचं. हा आकडा आला कुठून ते त्या सदस्यांना सांगा. अमेरिकेत २०२० मध्ये ओसीएलसी ही ग्रंथालयांची सहकारी संस्था, तिथली संग्रहालयं-ग्रंथालयांसाठीची सरकारी संस्था आणि बॅटेल ही संशोधन संस्था यांनी मिळून 'रील्म' नावाचा प्रकल्प केला. ग्रंथालयात रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंवर विषाणू लावायचा आणि तो किती दिवस सापडतो ते बघायचं. जूनमध्ये पहिल्या चाचणीचा निकाल आला. मुखपृष्ठ, आतला साधा कागद, प्लास्टिकचं वेष्टन, डीव्हीडीची डबी, तीन दिवसांनी कशावरही विषाणू सापडला नाही. झालं, बऱ्याच ग्रंथालयांनी तीन दिवस धरले. पुढे त्याच लोकांनी पुस्तकं एकावर एक रचून तपासली, कारण खऱ्या ग्रंथालयात ती तशीच पडलेली असतात. तेव्हा सहा दिवसांनंतरही विषाणू सापडला. म्हणजे तुमच्या मागच्या खोलीत गठ्ठे रचलेले असतील (असणारच, सुटी मांडायला जागा आहे कुणाकडे?) तर तो नियम स्वतःच्याच हिशेबात बसत नाही.

बरं, विषाणू सापडणं निराळं आणि त्यातून माणूस आजारी पडणं निराळं. ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, स्पष्टच लिहिलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. आजार मुख्यतः श्वासावाटे पसरतो. पुस्तकाच्या संसर्गाची भीती तशी जुनी. ब्रिटनमध्ये १९०७ च्या आरोग्यविषयक कायद्यात संसर्गजन्य आजार असलेल्याने ग्रंथालयातून पुस्तक नेऊ नये असं कलमच होतं. तेव्हा सदस्यांना हसू नका, पण खोली रिकामी करा. त्यांना काळजीच करायची असेल तर वाचन कक्षाच्या खिडक्यांची करू दे. आमच्याकडच्या खिडक्या रंगाच्या थरांनी चौकटीला अशा चिकटल्या होत्या की सुतार बोलावून पटाशीने सोडवाव्या लागल्या. साथ यायच्या आधी कितीतरी वर्षं त्या उघडल्याच नव्हत्या, आणि कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं.

आता फोनचं. इथे मी सविस्तर लिहिणार.

ऑस्ट्रेलियात यारा प्लेंटी नावाचं प्रादेशिक ग्रंथालय आहे, मेलबर्नच्या बाजूला. २०२० मध्ये दारं बंद झाल्यावर त्यांनी सत्तरीपुढच्या सगळ्या सभासदांचे क्रमांक यादीतून काढले. ते निघाले आठ हजार. मग कर्मचारी बसून एकेकाला फोन लावू लागले : कसे आहात, काही हवंय का, वाचायला काही आहे का. आम्हीही आमच्या आवाक्यात तेच करत होतो. माझ्याकडे एक जाड नोंदवही होती. डावीकडे सभासद क्रमांक आणि नाव, उजवीकडे शेरा. 'मोठा टाइप, नाहीतर नको.' 'चारनंतरच फोन, दुपारी झोपतात.' 'रहस्यकथा चालतील, खून पहिल्या पानावर नको.' 'सून उचलते, तिला मासिकं हवीत, ती सभासद नाही.' एका नावापुढे नुसतं 'बोलायचं असतं' एवढंच आहे.

ही वही भरत गेली तसं एक लक्षात आलं, आणि तुमच्या टिपणाचा कणा मला तेच दिसतं. यातली निम्मी नावं साथीमुळे यायची थांबलेली नव्हती. ती त्याच्या कितीतरी आधीपासून येत नव्हती. कुणाचा गुडघा गेला होता आणि आमची देवघेव पहिल्या मजल्यावर. कुणी रात्रपाळीला, म्हणजे आमच्या वेळात झोपलेला. कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस, तासभर बाहेर पडायची सोय नाही. आमच्या दप्तरी या सगळ्यांपुढे एकच शिक्का : निष्क्रिय सभासद. दरवर्षी अहवालात त्यांची संख्या छापायचो, कारण कधी विचारलं नव्हतं. दार बंद झालं म्हणून हातात फोन आला, आणि फोन आला म्हणून कारण कळलं.

तेव्हा कार्यकारिणी 'पूर्ववत' म्हणते त्याचा अर्थ या लोकांसाठी काय, एवढंच त्यांना विचारा. त्यांची पूर्वीची स्थिती पुस्तक न मिळण्याची होती.

नुसतं असं बोलून भागणार नाही, आकडे लागतील. ताशी किती पुस्तकं गेली हा हिशेब मांडलात तर घरपोच सेवा हरणारच. काउंटरशी तिची बरोबरी होणं शक्य नाही. त्याऐवजी माणसं मोजा. तुमच्या नोंदींत प्रत्येक सभासदाची शेवटच्या देवघेवीची तारीख असेल. फोनवरून पुस्तकं घेणाऱ्यांची यादी काढा आणि त्यातल्या किती जणांनी दारं बंद होण्याआधीच्या वर्षभरात एकही पुस्तक नेलं नव्हतं ते बघा. तो आकडा पहिल्या ओळीत टाका. मला खात्री आहे की तो बघून सदस्य गप्प होतील. नाहीच झाले तर निदान चर्चा खऱ्या विषयावर येईल.

ई-पुस्तकांबद्दल माझं मत जरा कडू आहे. साथीत त्यांनी आधार दिला यात वाद नाही. ओव्हरड्राइव्ह या एकाच सेवेवरून २०२० मध्ये जगभरात ४३ कोटी डिजिटल पुस्तकं, श्राव्य पुस्तकं आणि मासिकं नेली गेली, आदल्या वर्षापेक्षा ३३ टक्के जास्त. पण कागदी पुस्तक एकदा घेतलं की ते फाटेपर्यंत आपलं. ई-पुस्तकात बहुतेक वेळा हाती येतो तो मुदतीचा परवाना. हार्परकॉलिन्स या बड्या प्रकाशकाने २०११ पासून २६ देवघेवींनंतर परवाना संपवायला सुरुवात केली. म्हणजे पुस्तक लोकप्रिय झालं की ग्रंथालयाने ते पुन्हा विकत घ्यायचं! मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने नोव्हेंबर २०१९ मध्ये नवी ई-पुस्तकं ग्रंथालयांना पहिले आठ आठवडे एका प्रतीपलीकडे द्यायची नाहीत असं ठरवलं होतं. मार्च २०२० मध्ये, साथ ऐन भरात येताना, ते मागे घेतलं. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने २४ मार्च २०२० ला आपल्या स्कॅन केलेल्या पुस्तकांवरच्या प्रतीक्षायाद्या उठवल्या, म्हणजे एकच पुस्तक एकाच वेळी कितीही जणांना नेता येऊ लागलं. १ जूनला चार प्रकाशकांनी दावा लावला, १६ जूनला ती योजना आवरावी लागली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही निकाल प्रकाशकांच्याच बाजूने गेला. या सगळ्यातून मी एवढंच घेतलं की डिजिटल कपाटाची किल्ली आपल्याकडे नसते. नूतनीकरणाआधी वापराचा अहवाल मागवा. तीच ती थोडी मंडळी वाचत असतील तर त्यांना दुसरी सोय करता येते का बघा. आणि ज्याला अक्षर मोठं करून वाचावं लागतं त्याच्यासाठी ई-पुस्तक ही चैन नाही, गरज आहे. त्यामुळे सरसकट बंदही करू नका.

दंडाबाबत : न्यूयॉर्कच्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय व्यवस्थांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये विलंबशुल्क कायमचं काढलं. तोवर दंडापायी सुमारे चार लाख लोकांची कार्डं गोठलेली होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांतली. शिस्तीचं म्हणाल तर पुस्तक हरवलं की किंमत घ्याच की. उशीर आणि हरवणं यात फरक करा, पुरे.

व्हिडिओंकडे मात्र लगेच बघा. २०२० च्या वसंतात अनेक प्रकाशकांनी मुलांची पुस्तकं ऑनलाइन वाचून दाखवायला परवानगी दिली होती, पण बहुतेकांची ती मुदतीची होती आणि मुदत संपल्यावर व्हिडिओ काढून टाकायचे होते. तुमचे अजून तसेच असतील तर आधी ते उतरवा, बैठकीची वाट बघू नका.

पुठ्ठा आणि शिवण:

मी बांधणी-दुरुस्तीचं काम करते. वरच्याला एक जोड.

साथीनंतर आमच्याकडे जी पुस्तकं आली त्यातली बरीच विषाणूने नव्हे, सॅनिटायझरने मारलेली होती. विशेषतः बालविभागातली. गुळगुळीत, चकाकत्या कागदावर मातीसारख्या पदार्थाचा लेप असतो. त्यावर ओलावा गेला आणि पान मिटून दाबलं गेलं की लेप विरघळून पानं एकमेकांना धरतात. सोडवायला गेलं की वाघाचं तोंड डाव्या पानावर आणि कान उजव्या पानावर. अल्कोहोलने शिक्के आणि शाईच्या सह्या पसरतात, मुखपृष्ठावरचा वार्निशचा थर पांढुरका होतो.

अतिनील दिव्याची कपाटंही लोकांनी हौसेने घेतली. प्रकाश जिथे पोचतो तिथेच तो काम करतो, मिटलेल्या पुस्तकाच्या आत पोचत नाही. आणि जिथे पोचतो तिथला कागद पिवळा, ठिसूळ करायला मदत करतो. जतन क्षेत्रातल्या संस्था तेव्हाही कंठशोष करून सांगत होत्या की काही फवारू नका, नुसतं बाजूला ठेवा. तुमच्याकडे फवारणीची बाटली काउंटरवर अजून असेल तर ती हातांपुरती ठेवा.

चाकांवर:

मी ग्रंथपाल नाही, वाचक आहे. व्हीलचेअर वापरते.

माझ्या ग्रंथालयाकडे मी साथीच्या कितीतरी आधी घरपोच पुस्तकं मागितली होती. लेखी. उत्तर आलं, नियमात तरतूद नाही, सभासदाने स्वतः वा प्रतिनिधीमार्फत यावे. मग सगळेच घरात अडकले आणि बघता बघता तरतूद झाली! आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण रागही आला. जे माझ्या एकटीसाठी अशक्य होतं ते सगळ्यांसाठी लागलं तेव्हा इतकं सोपं कसं झालं? पुढे दारं उघडली आणि सेवा गेली, एका सूचनाफलकावर. तो फलक बघायला मी तिथे जाऊ शकत नव्हते, हे कुणाला सुचलं नसावं.

काउंटर काका, तुमची वही फार आवडली. एक भर घाला. माझी एक मैत्रीण ऐकू शकत नाही. फोनवरची सेवा तिच्या कामाची नाही. संदेश पाठवून मागणी करता आली पाहिजे. आणि ताई, टिपणात हिला 'साथकाळातील सेवा' म्हणू नका. तसं लिहिलंत की ती बंद करायचं कारण त्या नावातच येतं.

दुसरी पाळी:

सगळे एका सुरात गाताहेत म्हणून थोडा वेगळा सूर लावतो.

मी मोठ्या ग्रंथालयाच्या शाखेत आहे. साथीत ग्रंथालयांनी काय काय केलं याचं मलाही कौतुक आहे. टोरोंटोत बंद शाखांतून अन्नवाटप झालं, सॅन फ्रान्सिस्कोत ग्रंथालयाचे कर्मचारी बाधितांच्या संपर्कातली माणसं शोधायच्या कामाला लावले गेले, कुणी त्रिमितीय छपाईयंत्रावर चेहऱ्याच्या ढाली काढल्या. पण संकट सरल्यावर या प्रत्येक कामाचा थोडा थोडा अंश कर्मचाऱ्यांच्या गळ्यात राहिला आणि माणसं तेवढीच. आमच्याकडे सरकारी अर्ज भरून देणं, मोबाइलवर लॉगिन करून देणं, प्रमाणपत्र उतरवून देणं, यातच संध्याकाळ जाते. संदर्भ विभागात प्रश्न घेऊन आलेला विद्यार्थी ताटकळतो. ताईंकडे दीड माणूस आहे. त्या दीड माणसाचा हिशेब कुणी करणार की नाही?

दुसरं, जागेचं महत्त्व विसरू नका. दारं बंद असताना ऑनलाइन सेवा वाढवल्या, पण ज्यांच्या घरी इंटरनेटच नाही त्यांना त्याचा उपयोग शून्य. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाला खुलासा करावा लागला की बंद ग्रंथालयाचं वायफाय लोकांना वापरू द्यायला हरकत नाही. कारण लोक खरंच इमारतीबाहेर गाडीत बसून अर्ज भरत होते. जागा सुस्थितीत आणि जास्त वेळ उघडी ठेवणं ही पहिली गरज. एक तास जास्त उघडं ठेवायचं की तो तास फोनवर घालवायचा, असा प्रश्न आला तर मी दार उघडं ठेवीन.

आणि ती वही. माफ करा, पण मला ती वाचून धसका बसला. कोण काय वाचतं, दुपारी कधी झोपतं, घरात कोण आजारी आहे, हे एका वहीत, काउंटरवर? स्वयंसेवकांच्या हातात?

निवृत्त काउंटर:

वहीबद्दल बरोबर आहे तुमचं. ती काउंटरवर नसायची, माझ्या खणात कुलपात असायची, पण मी निवृत्त झाल्यावर खणाचं काय, हा प्रश्न उरतोच. शेरे असावेत, पण सभासदाला विचारून लिहिलेले, आणि त्याने म्हटलं की खोडायचे. आवडनिवड आणि वेळ एवढंच. आजारपण लिहायचं कारण नाही, 'जिना नको' एवढं पुरतं. पोचवणाऱ्याच्या हाती फक्त नाव, पत्ता आणि कागदात गुंडाळलेला गठ्ठा द्यावा. आत काय आहे ते त्याला कळायची गरज नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच.

तास उघडं ठेवण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुमची शाखा संध्याकाळी भरते, ताईंची भरते का ते आपल्याला माहीत नाही. माझ्याकडे शेवटचा तास वर्तमानपत्रं घडी घालण्यात जायचा. तोच मी फोनला दिला आणि कुणाची तक्रार आली नाही. ताईंनी आपल्या नोंदींत बघावं, कुठल्या तासाला देवघेव सगळ्यात कमी. माणूस दीडच आहे हे मान्य. म्हणून रोज फोन नको. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासात, आणि सभासदांना तो वार आधीच माहीत असावा. ते यादी तयार ठेवून बसतात, बोलणं आटोपशीर होतं. 'बोलायचं असतं' वाल्यांचा फोन सगळ्यात शेवटी लावायचा.

तळमजला:

मनापासून आभार, सगळ्यांचे. काल नोंदी काढून बसले. फोनवरून पुस्तकं घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त जण दारं बंद होण्याआधी वर्षभर फिरकलेच नव्हते. मला वाटलं होतं त्याहून हे प्रमाण बरंच मोठं आहे. काही नावं तर मी स्वतः निष्क्रिय म्हणून अहवालात घातलेली. ही ओळ आता टिपणात सगळ्यात वर आहे.

'चाकांवर', तुमची सूचना घेतली. शीर्षक बदलून 'घरपोच देवघेव' केलंय, साथीचा उल्लेख नाही, आणि संदेशाने मागणी करायची सोय पहिल्याच परिच्छेदात आहे. 'दुसरी पाळी', देवघेव सगळ्यात कमी असते ती आमच्याकडे दुपारी, संध्याकाळी नाही. त्यामुळे दार बंद करावं लागणार नाही. व्हिडिओ उतरवले. ई-पुस्तकांच्या वापराचा अहवाल मागवलाय, तो येईपर्यंत त्या विषयावर निर्णय नको असं सुचवणार आहे. दंडाबद्दल मात्र बैठकीत खडाजंगी होणार असं दिसतंय.

शेऱ्यांसाठी सभासदांची संमती कशी घेता? कुणाकडे छोटा मसुदा आहे का? लांबलचक फॉर्म बघून आमचे ज्येष्ठ सभासद घाबरतात.

निवृत्त काउंटर:

आमचा इवलासा होता, मोठ्या टाइपात, गठ्ठ्यासोबतच द्यायचो. फोनवर घेताना वाचूनही दाखवायचो. हवा तसा बदला :

'तुम्हाला आवडणारी पुस्तकं आणि फोनची सोयीची वेळ आम्ही लिहून ठेवू का? ही माहिती ग्रंथपालाशिवाय कुणी बघणार नाही. नको असेल तर कधीही सांगा, त्याच दिवशी खोडू. हो म्हणा किंवा नाही, पुस्तकं येतच राहतील.'

शेवटचं वाक्य गाळू नका. आमच्याकडे आधी ते नव्हतं, तेव्हा नाही म्हटलं तर पुस्तकं बंद होतील या भीतीने सगळेच हो म्हणत होते.